दीड लाखाची पोकळी

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. ताईचा फोन इतक्या उशिरा म्हणजे आधी काळजात धस्स होतं. पण तसं काही नव्हतं. "तुझ्या भाच्याला दीड लाखाची गिटार घ्यायची आहे. हप्त्यांवर. नोकरीला लागून आठ महिने नाही झाले. जरा समजाव बाबा, तुझंच ऐकतो तो."

मी म्हटलं, अगं त्याच्याकडे आहे की गिटार! गेल्या वर्षी मीच बरोबर जाऊन घेऊन दिली. स्क्वायर टेलिकास्टर, वापरलेली पण ठणठणीत, चौदा हजारांत.

"ती चालत नाही म्हणतो. जॅझला म्हणे पोकळ गिटार लागते."

झालं. म्हणजे हा रोग आता आमच्या घरात शिरला. हा रोग मला चांगला माहीत आहे, कारण मी स्वतः त्यात अकरा वर्षं घालवली आहेत. ताईला फोनवर एवढंच म्हटलं की बघतो. पण बघतो म्हणजे काय, तर हे इथे लिहितोय. भाचा हा ब्लॉग वाचतो (निदान तसं म्हणतो तरी), ताई वाचते, आणि ज्यांनी त्याच्या डोक्यात हे भरवलंय त्यांच्यापैकीही कुणी वाचत असेल तर उत्तमच. ज्यांना गिटारमध्ये अजिबात रस नाही त्यांनी आजच्या दिवस मला माफ करावं. मी चिडलेलो आहे.

आधी तो आवाज म्हणजे नक्की काय ते सांगतो. जॅझ गिटारचा म्हणून जो आवाज आपल्या कानात असतो, तो गोल असतो. कडा नसलेला. सूर लागतो तेव्हा टोचत नाही, आणि चार सूर एकत्र लागले तरी गढूळ होत नाहीत. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बंद जवारीची सतार. खुली जवारी असली की तार झणझणते, वरचे सगळे स्वरांश ऐकू येतात. बंद जवारीत तो झणझणाट कमी, मूळ सूर पुढे. मिरजेचा कारागीर ही जवारी कानसने घोड्यावर घासून काढतो; भोपळा बदलून नाही काढत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हा आवाज पोकळ गिटारमधूनच येतो, ही समजूत आली कुठून? तर अगदी साध्या कारणाने. ज्या लोकांनी हे संगीत घडवलं त्यांच्या फोटोंमध्ये त्या गिटार दिसतात. मोठ्या, कमानदार पोटाच्या, व्हायोलिनसारखी दोन भोकं असलेल्या. दिसतातही फार सुंदर, मी नाही म्हणत नाही. पण त्या पोकळ होत्या कारण त्या जन्माला आल्या तेव्हा गिटारला वीज नव्हती. पंधरा जणांच्या ताफ्यात, ट्रम्पेट आणि ड्रम्सच्या गदारोळात ऐकू जायचं तर पेटी मोठी हवी. १९३६ साली गिब्सनने त्यातल्या एका साध्या मॉडेलवर पिकअप बसवला आणि ईएस-१५० नावाची गिटार काढली. नावातले दीडशे म्हणजे किंमत, गिटार आणि अँप्लिफायर मिळून साधारण दीडशे डॉलर. त्यांच्या वरच्या दर्जाच्या गिटारपेक्षा ती बरीच स्वस्त होती. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात आला तो ही गिटार घेऊन. १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेलासुद्धा. त्या अडीच-तीन वर्षांत त्याने जे करून ठेवलं त्यावर आजही लोक जगतायत. म्हणजे या सगळ्या परंपरेचा मूळ आवाज हा कंपनीच्या मधल्या फळीवरच्या गिटारचा आवाज आहे. आणि त्याचा अँप फार जोरात लावला की किंचित फाटायचा, ते वेगळंच.

पुढची गंमत ऐका. जॅझमध्ये सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या गिटारींपैकी एक म्हणजे गिब्सन ईएस-१७५, १९४९ ची. जो पास, जिम हॉल, हर्ब एलिस, सगळ्यांच्या हातात दिसते. ती कशाची आहे माहीत आहे? थर चिकटवलेल्या मेपलची. साध्या मराठीत प्लायवूड. आपल्याकडे फर्निचर करतानासुद्धा 'प्लाय नको हो, सागवान घाला' म्हणणारे लोक आहेत, आणि हेच लोक जॅझ गिटारच्या दुकानात 'सॉलिड वूड आहे ना?' विचारतात. तो प्लाय मुद्दाम होता. पेटी जितकी मोकळेपणाने थरथरते तितकी ती अँपसमोर शिट्टी मारते. वीज आल्यावर पेटीचा मोठा आवाज हा फायदा राहिला नाही, डोकेदुखी झाला.

आणि टेलिकास्टर चालत नाही म्हणणाऱ्या माझ्या भाच्या, एड बिकर्ट हे नाव लिहून ठेव. कॅनडाचा माणूस, २०१९ मध्ये गेला. वर्षानुवर्षं टेलिकास्टर वाजवली, अख्खी भरीव फळी. मानेकडचा पिकअप पुढे काढून तिथे हंबकर बसवला, बस, एवढीच काय ती चैन. पॉल डेस्मंडने १९७४ मध्ये 'प्युअर डेस्मंड' केली ती त्याला घेऊन. ती डोळे मिटून ऐक आणि मला सांग की ही गिटार पोकळ आहे का भरीव. टेड ग्रीन, तोही टेलिकास्टरवालाच. जो पासचं तर आणखी बोलकं आहे. व्यसनमुक्तीसाठी तो सिनॅनॉन नावाच्या केंद्रात होता, स्वतःची गिटार नव्हती. तिथे हाताला आली ती फेंडरची भरीव गिटार, रॉकवाल्यांच्या हातात शोभेल अशी. १९६२ ची 'साउंड्स ऑफ सिनॅनॉन' तो त्यावर वाजवून बाहेर पडला. ईएस-१७५ त्याच्याकडे नंतर आली, तीही एका चाहत्याने भेट दिली म्हणून. म्हणजे आधी वाजवणं ऐकून कुणालातरी वाटलं की याला बरी गिटार मिळायला हवी. आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी गिटार, वाजवणं हप्ते फिटल्यावर.

(फेंडरने १९५८ मध्ये खास जॅझवाल्यांसाठी म्हणून 'जॅझमास्टर' काढली होती. जॅझवाल्यांनी फारशी घेतली नाही, समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या पोरांच्या बँड्सनी उचलली. नावावरून वाद्य ओळखू नये ते असं.)

आता माझी गोष्ट. ही मी आजवर इथे लिहिली नव्हती.

१९९८ च्या सुमारास मी धोबी तलावाच्या मागच्या एका गल्लीत दर शनिवारी जायचो. तिथे एक गोवेकर सर राहायचे. हॉटेलच्या बँडमध्ये उभं आयुष्य गेलेलं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही वाजवलेलं. त्यांची गिटार कुठल्या कंपनीची होती ते मला आजही सांगता येणार नाही, कारण डोक्यावरचं नाव कधीच खरवडून गेलं होतं. एक बटण नव्हतं, त्या जागी कसल्याशा बाटलीचं झाकण बसवलेलं. आणि आवाज... लोण्याचा. मी चार शनिवार गेलो. पाचव्या शनिवारी त्यांना म्हणालो, सर, माझी गिटार या संगीताला बरोबर नाही, जरा चांगली घेतो आणि मग नीट सुरू करू. ते म्हणाले, "कुठलीही आण रे, तारा सहा असल्या म्हणजे झालं." मला वाटलं, म्हातारा उदार मनाने बोलतोय.

मग नोकरी, लग्न, घराचं कर्ज. गिटारसाठी बाजूला ठेवलेले पैसे तीनदा दुसरीकडे गेले. २००९ मध्ये एकदाची घेतली, बासष्ट हजारांची, पोकळ, सोनेरी झिलईची. दुकानदाराने 'जॅझ म्हटलं की हीच साहेब' असं सांगितलं. घरी आणली, अँपला लावली, वाजवली. माझाच आवाज आला. तोच टोचरा, पातळ, सहाही तारांचा एकदम गोंधळ. वर अँपपासून तीन फुटांवर बसलं की शिट्टी. दोन खोल्यांच्या घरात तीन फुटांपेक्षा लांब बसायचं म्हणजे स्वयंपाकघरात!

सरांना दाखवायला गेलो तेव्हा ते मुंबईत नव्हते. मुलाकडे गोव्याला गेले होते. त्या डिसेंबरात मडगावला जाऊन भेटलो. उजवा हात धरला होता, वाजवता येत नव्हतं. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, डाव्या हाताने एक साधा कॉर्ड धरला आणि मला म्हणाले, तू छेड. मी छेडला. त्यांनी माझा हात धरून ब्रिजपाशी होता तो चार बोटं पुढे, मानेकडे नेला. "आता." आवाज गोल झाला. बासष्ट हजार आणि अकरा वर्षांनी जे कळलं ते चार बोटांचं अंतर होतं, आणि ते पाचव्या शनिवारी फुकट कळलं असतं.

म्हणून चिडलोय. कुणी महाग गिटार घेतली म्हणून माझं पोट दुखत नाही. पैसे आहेत, हौस आहे, घ्या. पण तेवीस वर्षांच्या पोराला 'तुझ्याकडची गिटार चालत नाही' असं सांगणारे लोक त्याला खरं तर 'आत्ता वाजवू नकोस' असं सांगत असतात. सांगणाऱ्याचा त्यात तोटा काही नाही, वर्षं पोराची जातात.

तर मग काय करायचं? सांगतो, खर्चासकट.

सगळ्यात आधी तारा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. सध्या गिटारवर येतात त्या राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेल्या. बोट सरकलं की चर्रर्र वाजतं आणि वरचे स्वरांश भरपूर. जॅझवाल्यांच्या तारा फ्लॅटवाउंड, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत. झणझणाट जागच्या जागी बसतो. अकराचा सेट घे, ज्यात तिसरी तारही गुंडाळलेली असते. तिसरी तार साधी असली की ती एकटीच सगळ्यांत ओरडते. सेट दोन-अडीच हजारांना पडतो, आणि हे ऐकून भाचा म्हणेल की मामा, साधा सेट सातशेत येतो. येतो ना. आणि मुंबईच्या पावसाळ्यात महिन्याभरात गंजतो. माझ्या फ्लॅटवाउंड तारांना दुसरा पावसाळा चाललाय आणि त्या पहिल्यापेक्षा आता जास्त बऱ्या वाजतात. हिशेब कर. मात्र जाड तारा नटच्या खाचेत अडकतात, मानेवरचा ताणही बदलतो, तेव्हा जाणत्या माणसाकडून एकदा खाचा घासून, मान आणि ब्रिज जुळवून घ्यायचे. हजारभर रुपये. हे काम वाचवू नये. नाहीतर गिटार बेसूर राहते आणि दोष पुन्हा 'भरीव लाकडा'वर!

मग पिकअप. टेलीचा मानेकडचा पिकअपच वापरायचा, दुसऱ्याला हातही लावायचा नाही. तो मोकळ्या तारेच्या साधारण चौथ्या हिश्शापाशी असतो, तिथे तार भरपूर हलते आणि मूळ सूर जोरात पकडला जातो. ब्रिजपाशी तार जेमतेम हलते, तिथे मूळ सूर क्षीण आणि वरचा किणकिणाटच पुढे येतो. तो पिकअप स्क्रूने थोडा खाली घे, आवाज आणखी मऊ होईल. हे फुकट आहे.

टोनचं बटण हे सगळ्यात दुर्लक्षित बटण. त्याच्या मागे एक चिमुकला कपॅसिटर असतो, तो वरच्या कंपनांना परस्पर जमिनीची वाट दाखवतो. लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पैशांत मिळणारी ही वस्तू, पण अर्धा 'जॅझ टोन' म्हणतात तो हाच. मी ते दहापैकी तीन-चारवर ठेवतो, व्हॉल्यूम सातवर. नवशिके उत्साहाने टोन शून्यावर नेतात आणि मग गोधडीत गुंडाळून ठेवलेल्या रेडिओसारखं ऐकू येतं. अंधार म्हणजे ऊब नव्हे, एवढं कळलं तरी पुरे.

अँप. इथेही अंधश्रद्धा आहेच, की व्हॉल्व्हचा हवा. अरे, जॅझच्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं दिसलेला पॉलिटोन मिनी-ब्रूट हा ट्रान्झिस्टरचाच अँप होता, टॉमी गुमिना नावाच्या एका अकॉर्डियनवाल्याने काढलेल्या कंपनीचा! रोलंडचा जेसी-१२०, १९७५ पासूनचा, तोही ट्रान्झिस्टरचा. आपल्याला हवाय तो न फाटणारा आवाज, आणि न फाटण्यात ट्रान्झिस्टर वस्ताद आहे. फक्त अगदी डबीएवढा, सहा इंची स्पीकरचा नको, त्यात खर्जच नसतो. तीसेक वॉटचा, दहा किंवा बारा इंची स्पीकरचा जुना अँप सात-आठ हजारांत मिळतो. ट्रेबल कमी, मिड वर, आणि बेस वाटतो त्यापेक्षा कमी. आपल्या खोल्यांच्या भिंती बेस भरपूर वाढवतात, त्यांना मदतीची गरज नाही. तोही परवडत नसेल तर कॉम्प्युटरवर फुकटची सॉफ्टवेअर्स आहेत, न्यूरल अँप मॉडेलर वगैरे, ती हेडफोनवर झकास चालतात. पण गिटार थेट होम थिएटरला खुपसून 'टोन येत नाही' म्हणू नकोस. गिटारचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप्प होतो. होम थिएटरचा होत नाही, तो तुझ्या नखाचासुद्धा आवाज ऐकवतो.

आणि हात. याला पैसे पडत नाहीत म्हणून याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. छेडायची जागा मी वर सांगितलीच. तबल्याच्या चाटेवर आणि शाईवर एकच बोट वेगळं बोलतं, तसंच हे. प्लेक्ट्रम जाड, दीड-दोन मिलिमीटरचं, आणि टोकाने न वाजवता त्याच्या गोल खांद्याने वाजवायचं. किंवा प्लेक्ट्रमच फेकून दे आणि अंगठ्याने वाजव. वेस मॉन्टगोमेरी अंगठ्याने वाजवायचा. दिवसा नोकरी, रात्री रियाज, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून प्लेक्ट्रम सुटलं असं सांगतात. त्याच्या हातात पुढे गिब्सनची भारीतली एल-५ आली हे खरं, पण अंगठा एल-५ बरोबर पेटीत घालून येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, कॉर्ड धरताना सहाही तारा खाजवणं बंद. दोन-तीन सूर पुरतात. त्या कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर, आपल्या भाषेत त्याचे गंधार आणि निषाद, हे दोन असले की कॉर्ड कोणता ते कळतं. सा सांगायला बेसवाला बसलेला असतो. बिकर्ट ऐकताना जी ऊब वाटते त्यातली किती गिटारची आणि किती 'काय वाजवलं नाही' याची, हे मला अजून नीट वेगळं काढता आलेलं नाही.

बेरीज: चौदा हजारांची गिटार, जी आहेच. तारा आणि जुळणी साडेतीन. अँप आठ. प्लेक्ट्रम शंभर. सगळं पंचवीस-सव्वीस हजारांत आटपतं आणि त्यातले चौदा गेल्या वर्षीच गेले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर पोकळ गिटार अगदीच काही देत नाही असं नाही. छेडल्यावर 'ठक्' असा लाकडी सुरुवातीचा ठोका आणि मग सूर पटकन विरणं, हे तिचं खरंच वेगळं आहे. टेलीचा सूर जास्त रेंगाळतो. रात्री अँपशिवाय पलंगावर बसून वाजवायलाही ती छान. माझी मी विकलेली नाही. पण गेल्या शनिवारी मी दोन्ही गिटारवर एकाच प्रकारच्या तारा असताना, त्याच अँपमधून, तीच बत्तीस मापं वाजवून रेकॉर्ड केली आणि कुठली कोणती ते न सांगता भाच्याला पाठवली. तासाभरात उत्तर आलं, "दुसरी! मामा, हाच तो आवाज. हीच पोकळ." दुसरी टेली होती. त्याला अजून सांगितलेलं नाही. इथेच वाचेल.

तेव्हा ताई, हप्त्यांचा कागद आला असेल तर सही करू देऊ नकोस. रविवारी त्याला गिटार घेऊन इकडे पाठव, सकाळीच. फ्लॅटवाउंडचा एक नवा सेट माझ्या कपाटात पडून आहे, तो चढवतो. तारा बसायला दोन तास लागतील, तेव्हा जेवायला थांबेल. आणि त्याच्याबरोबर थालीपिठाची भाजणी पाठव, मागची संपली.